काळी पट्टी

कोरडा पूल म्हणतात याला.
खालून पाणी जात नाही, मोटारी जातात.
कठड्याला टेकून माझं दुकान:
एक घोंगडी, एक लोखंडी पेटी,
बावीस मेलेले कॅमेरे.
त्यातल्या सातांच्या छातीत मी धडधड परत घातली आहे.
बाकीचे शोभेला जातात. तिब्लिसीत येणारे पाहुणे
कपाटावर ठेवायला काहीही नेतात.

नेस्तान आली तेव्हा मार्च होता.
म्हणाली, बद्रीकाका, हा फार चमकतो.
बाहेर काढला की माणसं सावध होतात,
ओठ मिटतात, केस सारखे करतात,
आणि मला हवं असलेलं तेवढ्यात निघून जातं.
काळा करून द्या याला.

मी हातात घेऊन पाहिला.
कसलं क्रोम! एक पोचा नाही.
चोराच्या मनात चांदणं, तसं हिच्या मनात हे क्रोम.
पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.
नावाच्या अक्षरांवर काळी पट्टी चिकटवली,
कडांना रंग दिला,
लाल ठिपका होता, तोही विझवला.
शटरचा आवाज काही मरेना,
म्हणून पत्र्याखाली नमद्याचा तुकडा सरकवला.
पंधरा लारी घेतल्या.

त्याच आठवड्यात एक लग्नवाला आला होता,
तुतारीएवढी भिंग गळ्यात,
ओरडत, धक्के देत, भावावरून हुज्जत घालत.
त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.
हे मी नेस्तानला सांगायला हवं होतं.
राहून गेलं.

आता ती दर शनिवारी येते.
राखी कोट, रबरी तळव्याचे बूट,
कॅमेरा पोटाशी धरलेला
जसं तापात फणफणलेलं मूल.
त्सिउरीच्या फुटक्या बाहुल्यांपाशी रेंगाळते,
आर्मेनाकच्या पदकांपाशी नुसतीच उभी राहते.
आमच्या तरुणपणी कॅमेरा दिसला
की माणसं स्वतःचं नाव विसरायची.
त्या मानाने हे बरंच.

ऑक्टोबरात तिने पाकीट आणलं.
बघा, म्हणाली, कुण्णाला कळलं नाही.
चाळीस फोटो.
एकातही भिंगाकडे वळलेला डोळा नाही.
चहा ओतणारी त्सिउरी,
पदकांवर डुलक्या घेणारा आर्मेनाक,
एका चाकाच्या सायकलीवरून भांडणारी दोन पोरं.
मी खूश झालो, माझी पट्टी लागू पडली होती.

मग एक गोष्ट खटकली.
प्रत्येक फोटोत आर्मेनाकच्या डोक्यावर
ती करड्या लोकरीची टोपी होती,
जी तो फक्त मयताला आणि नाताळला काढतो.
बाहुल्याही सगळ्या
न फुटलेला गाल पुढे करून बसलेल्या.

त्सिउरीला विचारलं.
चहाचा पेला तिने फुंकला, दोनदा.
दिसते की, म्हणाली.
इतकं झाकलेलं दुसरं काही आहे का या बाजारात?
बटण दाबायच्या आधी ती श्वास धरते बघ,
कबुतरंसुद्धा थबकतात.
मग आम्ही लागतो आपापल्या कामाला.
आर्मेनाक तर झोपतो, त्याला झोप छान जमते.
पोरगी आहे. वाटू दे तिला.

डिसेंबरात थंडीने गोंद सुटला.
एक कोपरा उचकटून आतलं क्रोम
नखाएवढं डोकावत होतं.
नेस्तान धावत आली, दिसतोय, काका, दिसतोय!
मी जुनी पट्टी सोलली, नवी लावली,
अंगठ्याने घासून घासून बसवली.
पैसे नको म्हणालो, तर रागावली. पाच लारी ठेवून गेली.

दहा पावलांवर तिची चाहूल थांबली.
रबरी तळवे वाजत नाहीत,
पण थांबले की कळतं.
पुलावरची कबुतरं गप्प झाली.
मी चष्मा नाकावर नीट बसवला,
दाढीवरून एकदा हात फिरवला,
आणि घोंगडीवर वाकून शोधू लागलो
एक स्क्रू,
जो हरवलाच नव्हता.